जुन्या जीपच्या मागील ब्रेकची जुळणी

सामुदायिक विकास योजनेचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९५२ रोजी झाला आणि विकासकार्याबरोबर जीपगाडीही खेडोपाडी पोहोचली. महिंद्रा कंपनीने विलिसच्या नमुन्यावर बांधलेल्या त्या पिढीतील काही गाड्या शेतकऱ्यांकडे आजही चालू स्थितीत आढळतात. त्यांच्या चारही चाकांस ड्रम ब्रेक असतात. लायनर झिजेल तसतसे शू व ड्रम यांमधील अंतर वाढते आणि ते हातानेच कमी करावे लागते. मात्र पेडल खोल जाऊ लागले की लगेच पाना घेऊन गाडीखाली शिरण्याची जी घाई केली जाते, ती बरी नव्हे.

प्रथम गाडी उभी असतानाच पेडल दाबून पाहावे. पहिल्या वेळी ते खोल गेले, परंतु लागोपाठ दोनतीनदा दाबताच वर येऊन घट्ट लागले, तर अंतर वाढले आहे असे समजावे. ते स्पंजासारखे दबत असल्यास नळ्यांत हवा शिरलेली असते. दाबून धरले असता हळूहळू खाली बसत गेले, तर ब्रेक ऑईल कोठेतरी गळत आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी वाटी निकामी झाली आहे. या गाडीत चारही चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर असल्यामुळे एका चाकाजवळील गळतीनेही सर्व ब्रेक जाऊ शकतात. अशी गाडी माणसे भरून घाटात तर नाहीच, परंतु बाजाराच्या गावापर्यंतही नेऊ नये. जुळणीने यांपैकी केवळ पहिला दोष दूर होतो.

या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे मागील एकच चाक जॅकवर उचलले की हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. कारण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे मोकळे सुटते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव घालावा, मागील आसाखाली भक्कम आधार द्यावा आणि मगच हातब्रेक सोडून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा.

चाकामागील पत्र्यावर वरच्या बाजूस प्रत्येक शूसाठी एक विकेंद्री बोल्ट असतो. त्याची नट ढिली करून चाक हाताने फिरवीत बोल्ट वळवावा. चाक अडले की ते मोकळे फिरेपर्यंतच तो मागे घ्यावा. बोल्ट धरून ठेवूनच नट आवळावी, नाहीतर केलेली जुळणी तेथेच बिघडते. दुसऱ्या शूचेही असेच करावे. खालच्या बाजूच्या अँकर पिना नवीन लायनर बसविल्याशिवाय हलवू नयेत. नव्या लायनरसाठी शूच्या खालच्या टोकाशी ०.००५ इंच व वरच्या टोकाशी ०.००८ इंच अंतर ठेवतात.

येथे एक फसगत पुष्कळदा होते. मागील चाकाबरोबर डिफरन्शियलचे गिअरही फिरतात व दाट ऑईलमुळे चाक एकसारखे जड लागते. ती शूची पकड नव्हे. शू घासत असेल तर खरखर ऐकू येते. खरखर प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी येत असेल तर ड्रमची गोलाई बिघडली आहे. तेवढ्यासाठी बोल्ट अधिक सैल केल्यास ब्रेक पुन्हा खोल जाणार. ड्रम लेथवर कातून घ्यावा हेच योग्य.

जुळणीनंतरही एका चाकाचा ब्रेक कमी लागत असेल तर ड्रम उघडावा. आसाचे ऑईल सील गळून लायनर भिजलेला असल्यास तो पेट्रोलने धुऊन भागत नाही. दोन्ही मागील चाकांचे लायनर एकदम बदलावेत. सीलबरोबर आसावरील हवेचे छिद्रही पाहावे, कारण ते चिखलाने बुजल्यास नवे सीलही गळू लागते. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे. ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर गाडी थोडी चालवून ड्रमजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एकच मागील ड्रम तापला तर त्या चाकाचा शू किंवा सिलिंडर अडकला आहे. मागील दोन्ही तापले तर आसाकडे जाणारी रबरी नळी आतून फुगलेली असू शकते. चारही तापत असल्यास चाकांशी खटपट करण्यापूर्वी पेडलला अर्धा इंच मोकळी चाल आहे की नाही हे तपासावे.