सतराशे किलो तांबं आणि एक पुस्तक

1784 साली लंडनमध्ये कॅप्टन जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीचा अधिकृत वृत्तान्त विक्रीला आला. तीन जाडजूड खंड, सोबत नकाशांचा आणि चित्रांचा मोठा संच, किंमत साडेचार गिनी. तीन दिवसांत प्रती संपल्या आणि ज्यांना मिळाल्या नाहीत ते दहा गिनी मोजायला तयार झाले. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग. त्या काळी ब्रिटिश आरमारातल्या तरबेज खलाशाला अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला 24 शिलिंग मिळत. म्हणजे छापील किमतीतच त्याचा जवळजवळ चार महिन्यांचा पगार गेला असता, आणि दहा गिनींना पावणेनऊ महिन्यांचा. ज्यांच्या हातांनी ती जहाजं दूरदूरच्या समुद्रांत फिरली, त्यांना आपल्याच सफरीची हकिकत विकत घेणं परवडणारं नव्हतं.

आरमाराच्या आणि दर्यावर्दी इतिहासाची जुनी पुस्तकं आज लाखांच्या घरात का जातात, असं विचारलं की ‘दुर्मीळ आहेत म्हणून’ असं उत्तर मिळतं. मला ते अपुरं वाटतं. ही पुस्तकं छापखान्यातून बाहेर पडली तेव्हाच महाग होती. त्यांच्यात किती माणसांची किती वर्षं गेली, हे पाहिलं की आजची किंमत फारशी बोचत नाही.

रॉबर्ट डडलीचं ‘देल्लार्कानो देल मारे’, म्हणजे ‘सागराचं रहस्य’, हेच घ्या. डडली इंग्रज, लेस्टरच्या अर्लचा मुलगा. विशीत असताना स्वतः जहाजं घेऊन त्रिनिदादपर्यंत जाऊन आला, पुढे इंग्लंड सोडून फ्लॉरेन्सला स्थायिक झाला आणि तिथल्या ग्रँड ड्यूकच्या चाकरीत जहाजं बांधू लागला. 1646–47 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने हा ग्रंथ छापून घेतला. त्याचे सहा भाग आहेत: रेखांश-अक्षांश, किनाऱ्यांची माहिती, आरमाराची शिस्त, जहाजबांधणी, नौकानयन आणि शेवटी नकाशे. साऱ्या जगाचे सागरी नकाशे मर्केटरच्या पद्धतीने काढलेला हा पहिला छापील संग्रह. वारे कुठून वाहतात, प्रवाह कुठे ओढतात, होकायंत्राची सुई कुठे किती ढळते, हेही त्यात आहे.

नकाशे कोरले अंतोनिओ फ्रांचेस्को लुचिनी या कारागिराने. 1661 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लिहून ठेवलंय की या कामासाठी तो टस्कनीतल्या एका खेड्यात बारा वर्षं एकांतात राहिला आणि पाच हजार पौंड तांबं लागलं. तिथला पौंड सुमारे 340 ग्रॅमचा. म्हणजे सतराशे किलो तांबं, एका पुस्तकासाठी! नकाशे सव्वाशेहून जास्त, महिने एकशे चव्वेचाळीस. महिन्याला जेमतेम एक नकाशा पडतो, आणि यंत्रांच्या, जहाजांच्या आकृत्या वेगळ्याच. तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं, कारण छापताना ते सुलटं होतं. लुचिनीची अक्षरं तर नुसती अक्षरं नाहीत. त्यांची शेपटं मोकळ्या समुद्रावर वळसे घेत लांबवर जातात. हात एकदा चुकला तर पत्रा ठोकून, घासून सपाट करायचा आणि तेवढा भाग पुन्हा कोरायचा.

अशी प्रत शोधणाऱ्याचं खरं काम ती सापडल्यावर सुरू होतं. आधी पानं मोजायची, मग नकाशे, मग आकृत्यांवर बसवलेल्या फिरत्या कागदी चकत्या. या चकत्या हमखास गळालेल्या असतात. अख्ख्या ग्रंथापेक्षा सुटे नकाशे विकणं सोपं, म्हणून कित्येक प्रती सुरीने फोडल्या गेल्या. आज भिंतीवर चौकटीत लावलेला डडलीचा एकेक नकाशा कुठल्या तरी ग्रंथातून कापून काढलेला आहे. सतराव्या शतकातलं पुस्तक असं कापणं हा मला सरळसरळ अपराध वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आकडे दुसऱ्याच दिशेने, खंडांच्या संख्येत, फुगले. अमेरिकेचं यादवी युद्ध चार वर्षं चाललं. त्यातल्या दोन्ही आरमारांची कागदपत्रं छापायला 1894 ते 1922 अशी अठ्ठावीस वर्षं लागली आणि तीस खंड झाले. जपानच्या संरक्षण खात्याने दुसऱ्या महायुद्धाचा लष्करी आणि आरमारी इतिहास 1966 ते 1980 या काळात काढला, तो 102 खंडांचा. महिन्याला एक खंड वाचला तरी साडेआठ वर्षं पुरेल. त्यातले मोजकेच खंड इंग्रजीत आले आहेत.

आपल्या किनाऱ्याची पुस्तकंही याच रांगेतली. आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांत स्वतः असलेल्या क्लेमेंट डाउनिंगचं पुस्तक 1737 साली लंडनला निघालं. त्याच्या नावातच आंग्र्यांना चाचा म्हटलंय, तरी त्यांच्या आरमाराची प्रत्यक्ष पाहिलेली हकिकत म्हणून ते टाळता येत नाही. विल्यम फॉस्टरने संपादित केलेली त्याची आवृत्ती 1924 मध्ये आली, मूळ पुस्तकानंतर 187 वर्षांनी. चार्ल्स रॅथबोन लो यांनी 1613 ते 1863 हा हिंदी नौदलाचा अडीचशे वर्षांचा इतिहास 1877 मध्ये दोन खंडांत बसवला. मुंबईच्या गोदीवर आणि वाडिया जहाजबांधकांवर रतनजी अर्देशीर वाडियांचं पुस्तक 1955 चं. वय सत्तरच वर्षं, तरी मूळ प्रत सहज हाती लागत नाही.

ही पुस्तकं परदेशातल्या लिलावांतच सापडतात असं नाही. कोकणातल्या, मुंबई-पुण्यातल्या जुन्या वाचनालयांच्या मागच्या कपाटात किंवा आजोबांच्या पेटीत इंग्रजी अंमलातलं एखादं जाड पुस्तक असू शकतं. घर आवरताना तसं काही हाती लागलं, तर रद्दीच्या गठ्ठ्यात टाकण्याआधी मुखपृष्ठाच्या आतलं साल बघा आणि घडी घातलेले नकाशे जागेवर आहेत का ते मोजा. सुटलेलं पान चिकटपट्टीने जोडू नका, जिथे सापडलं तिथेच ठेवा आणि जवळच्या मोठ्या ग्रंथालयाला कळवा.