गालगुंडावर सुंठेचा लेप किती उपयोगी?

कानाच्या पाळीखाली सूज येते, पोराला घास चावता येत नाही आणि घरात लगेच सहाण निघते. सुंठ उगाळून त्यात हळद कालवायची आणि कोमट लेप गालावर लावायचा, हा घरोघरचा उपाय. उबेने ठणका थोडा कमी वाटतो, हे खरे. पण गालगुंड विषाणूमुळे होते आणि विषाणू लाळग्रंथीच्या आत असतो. लेपाने तो मरत नाही. सूज साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय लेपाला मिळते.

लाळग्रंथीच्या सुजेत आंबट खावे की नाही, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. लिंबाची फोड चोखली की लाळ जोरात सुटते. जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळीत बारीक खडा अडकला असेल, तर हा प्रवाह त्याला पुढे ढकलू शकतो. म्हणून डॉक्टरही भरपूर पाणी, हलका मसाज आणि आंबट गोळी सुचवतात. गालगुंडात तेच लिंबू कळ आणते. तिथे मऊ भात, वरण आणि कोमट मीठपाण्याच्या गुळण्या बऱ्या.

जेवताना फुगणारी आणि नंतर उतरणारी गाठ बहुधा खड्याची असते. सुजेबरोबर ताप असेल आणि तोंडात पू येत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग संभवतो. त्याला प्रतिजैविके लागतात. गालगुंडात वृषण सुजले, तीव्र डोकेदुखी झाली किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. एमएमआर लस गालगुंडापासून संरक्षण देते. सरकारी लसीकरणातल्या एमआर लशीत मात्र गालगुंडाचा घटक नसतो.