प्रयोगशाळेच्या खरेदीची पारख

जून महिन्यात महाविद्यालये उघडली की संस्थेच्या कार्यालयात दरपत्रकांचे लिफाफे जमू लागतात. रसायनशास्त्र विभागाची मागणी त्यांत जेमतेम एका ओळीची असते : ॲप्रन, संरक्षक चष्मे, हातमोजे. तीन दरपत्रके येतात, सर्वांत कमी दरावर खूण होते आणि विषय संपतो. आश्चर्य असे, की ज्या विश्वस्तांच्या सहीने हे घडते, त्यांतील कित्येकांची पेढी कापडाची, भुसाराची किंवा भांड्यांची असते. स्वतःच्या दुकानात आलेले ठाण चिमटीत चुरून पाहिल्याशिवाय ते उतरवून घेत नाहीत. प्रयोगशाळेच्या मालाची पारख मात्र केवळ आकड्यावरून होते, आणि तो माल अंगावर घालून उभी राहणारी मुले बहुधा त्यांच्याच समाजातील, कधी त्यांच्याच घरची असतात.

ॲप्रनपासूनच आरंभ करावा, कारण कापडाची परीक्षा व्यापारी घराला शिकवावी लागत नाही. शिवणीतला एक धागा उसवून काडीपेटीच्या ज्योतीवर धरला, तर सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्यासारखाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी बनतो. बर्नरजवळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या त्वचेवर हाच वितळलेला मणी चिकटतो. बाजारातील स्वस्त ॲप्रन बहुधा टेरिकॉटचे असतात. ते पांढरेशुभ्र दिसतात, सुरकुतत नाहीत, लवकर वाळतात, आणि म्हणूनच पसंत पडतात. प्रयोगशाळेसाठी जाडसर, निव्वळ सुती कापड हवे. बाही मनगटापर्यंत आणि लांबी गुडघ्यापर्यंत असावी. साध्या गुंड्यांऐवजी टिचबटणे असावीत, म्हणजे अंगावर काही सांडले तर एका झटक्यात ॲप्रन उतरवता येतो. ओढणी आणि मोकळे केस ॲप्रनच्या आतच राहिले पाहिजेत.

हे बारकावे अनावश्यक वाटणाऱ्यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील घटना लक्षात घ्यावी. २९ डिसेंबर २००८ रोजी तेथे एक २३ वर्षांची संशोधन-सहायिका हवेच्या स्पर्शाने पेट घेणारे रसायन सिरिंजने काढत असताना सिरिंजचा दट्ट्या निसटला. तिच्या अंगावर ॲप्रन नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. स्वेटरने पेट घेतला आणि १६ जानेवारी २००९ रोजी तिचा अंत झाला. अशा रसायनांसाठी साधे सुती कापडही अपुरे असते, ज्वालारोधक कापडच लागते. पदवीच्या पहिल्या वर्षाला ते रसायन नसते हे खरे, परंतु पेटता बर्नर, अल्कोहोल आणि ईथर यांचा शेजार तेथेही असतोच.

डोळ्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज असा, की नंबरचा चष्मा आहे म्हणजे संरक्षण आहे. सोडियम फ्युजनचा प्रयोग ज्यांनी केला आहे त्यांना ठाऊक असते : लालबुंद तापलेली काचेची नळी पाण्यात बुडवायची, ती तडकून फुटते, आणि आत सोडियमचा कण शिल्लक असेल तर तो पाण्याला भिडून भडकतो. त्या क्षणी काचेचे कण आणि दाहक अल्कली बाजूनेही उडतात. साध्या चष्म्याच्या कडा उघड्या असतात. ॲसिडपेक्षा कॉस्टिक सोडा डोळ्यासाठी अधिक घातक, कारण तो थांबत नाही, आतल्या थरांत उतरत जातो. म्हणून चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसणारा, आडवळणी वायुछिद्रे असलेला गॉगल घ्यावा. भारतीय मानक आयएस ५९८३ किंवा युरोपीय मानक ईएन १६६ यांचा उल्लेख त्यावर शोधावा. ईएन १६६ मध्ये चौकटीवरील ‘३’ हा आकडा द्रवाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण दर्शवतो.

तरीही केवळ शिक्का पाहून भागत नाही. काचेवर वाफ धरणारा गॉगल विद्यार्थी पाच मिनिटांत कपाळावर चढवतो, आणि कपाळावरचा गॉगल कोणाचाही डोळा वाचवत नाही. म्हणून पन्नास नग मागवण्यापूर्वी तीन प्रकारचे नमुने आणावेत. एक चष्मा लावणारी विद्यार्थिनी, एक लहान चेहऱ्याची आणि एक धिप्पाड मुलगा यांना ते पूर्ण प्रात्यक्षिकभर घालायला द्यावेत. तासाच्या शेवटी ज्याचा गॉगल जागेवर असेल, तो नमुना पास.

हातमोज्यांबाबत निष्काळजीपणा सर्वाधिक होतो, कारण सगळे हातमोजे सारखेच दिसतात. अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान या विषारी धातूंच्या अभ्यासक होत्या. १४ ऑगस्ट १९९६ रोजी फ्युम हूडमध्ये काम करताना त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. हातमोजा फाटला नाही, हात भाजला नाही. काही महिन्यांनी तोल जाऊ लागला, वाणी अडखळू लागली, आणि ८ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. नंतरच्या चाचण्यांत दिसले, की ते द्रव्य अशा हातमोज्यातून काही सेकंदांतच आरपार जाते. त्यांनी हातमोजा घातला होता, पण तो त्या रसायनासाठीचा नव्हता.

महाविद्यालयात इतके विषारी द्रव्य नसते, तरी तत्त्व तेच लागू पडते. पातळ नायट्राइलचे हातमोजे विरल ॲसिड व अल्कलीच्या शिंतोड्यांसाठी ठीक, परंतु ॲसिटोन, क्लोरोफॉर्म किंवा संहत नायट्रिक ॲसिडपुढे ते फार वेळ तग धरत नाहीत. टोल्युइनसारख्या द्रावकांपुढे लॅटेक्स कच्चा पडतो. कोणता हातमोजा कोणत्या रसायनापुढे किती मिनिटे टिकतो, याचा तक्ता चांगला उत्पादक देतो. जो विक्रेता तो तक्ता देऊ शकत नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी दरपत्रक बाजूला ठेवावे. बर्नरवर काम करताना मात्र पातळ हातमोजे नकोतच, ते वितळतात.

मास्कविषयी एवढेच, की कापडी वा शस्त्रक्रियेचा मास्क रासायनिक वाफ अडवत नाही. त्यासाठी चालू स्थितीतील फ्युम हूडच हवा. तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून टिकून आहे. तिच्यावर उपाय रबरी बल्बचा, आणि तो या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे.

पादत्राणांचा प्रश्न जैन घरांत वेगळ्या रीतीने येतो. प्रयोगशाळेच्या सूचनांत ‘चामड्याचे बंद बूट’ असे लिहिलेले असते, आणि चामडे वर्ज्य मानणारी मुलगी मग चप्पल किंवा कॅनव्हासचे बूट घालून येते. चप्पल तर उघडीच, आणि कॅनव्हास ॲसिड शोषून घेऊन पायाशी धरून ठेवतो. जाळीदार स्पोर्ट्स शूजचेही तसेच. नियमाचा हेतू चामडे नव्हे, तर पावलाचा वरचा भाग झाकणारा, गुळगुळीत, द्रव न शोषणारा पृष्ठभाग हा आहे. कृत्रिम चामड्याचे बंद बूट तो हेतू पूर्ण करतात. महाविद्यालयाने सूचनेतील शब्द तेवढा बदलावा. पालकांनीही प्रवेशाच्या वेळीच तसे सांगावे, त्यात संकोच कशाला?

राहता राहिली ती वस्तू, जिची मागणी विभाग क्वचितच करतो : डोळे धुण्याचे कारंजे. प्रयोगशाळेला देणगी देणाऱ्यांची नावे संगमरवरी फलकावर कोरली जातात, आणि त्याच भिंतीशी असलेल्या नळाला दुपारनंतर पाणी नसते. डोळ्यात रसायन गेले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याची धार लागते, आणि त्या कारंजापाशी दहा सेकंदांत पोहोचता आले पाहिजे. वाटेत खुर्ची, खोके किंवा कुलूप नको. आठवड्यातून एकदा ते सोडून साचलेले गंजके पाणी काढून टाकावे लागते. त्यासाठी कर्मचाऱ्याचे नाव आणि वार ठरवून भिंतीवर लिहून ठेवावा, आणि विश्वस्तांपैकी कोणी पाहणीला आले तर फलक पाहण्याआधी तो नळ सोडून पाहावा.