परवडणारी रायफल-दुर्बीण निवडताना : आधी अंतर, मग भिंग, मोठे आकडे शेवटी

म्हैसूर : संस्थानी काळात म्हैसूरच्या आसपासच्या अरण्यांत वाघ-बिबट्यांच्या शिकारी होत आणि त्यांची कातडी पेंढा भरून टिकवण्यासाठी याच शहरातील व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात आणली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या युगावर पडदा टाकला आणि १९९९ मध्ये तो कारखानाही बंद झाला. आज बंदीपूर आणि नागरहोळेचे वाघ लोक जीपमधून पाहतात. हौशी नेमबाजासमोर कागदाची किंवा पत्र्याची लक्ष्येच उरली आहेत. मात्र शिकारीच्या काळातील एक समजूत अजून टिकून आहे : दुर्बीण जितकी मोठी, तितका नेम अचूक. मर्यादित पैशांत रायफलसाठी दुर्बीण, म्हणजे टेलिस्कोपिक साइट, घेऊ पाहणाऱ्याचे सर्वाधिक नुकसान हीच समजूत करते.

पहिला प्रश्न किमतीचा नसून गरजेचा आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या ऑलिंपिक प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावता येत नाही. डोळ्यासमोरचे बारीक छिद्र आणि नळीच्या टोकावरील कडे यांतून नेम धरावा लागतो. त्यालाच आपल्याकडे पीप साइट म्हणतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. दोघांचीही कामगिरी दुर्बिणीविना झाली. त्यामुळे मुलामुलींना या खेळात घालणाऱ्या पालकांनी दुर्बिणीसाठी जमवलेले पैसे प्रशिक्षण, छर्रे आणि शूटिंग जॅकेट यांवर खर्च करणेच शहाणपणाचे ठरेल.

उरतो तो हौस म्हणून नेम साधणारा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच, व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात करतात. परवाना नको याचा अर्थ कोठेही आणि कशावरही छर्रा झाडावा असा नव्हे; वन्य पक्ष्यावर तो झाडणे हा गुन्हाच आहे. घराच्या आवारात सराव करायचा असला, तरी लक्ष्यामागे छर्रा अडवणारी भक्कम आड हवी. अशा वापरात अंतर १० ते ३० मीटरच असते, आणि दुर्बिणीची निवड याच अंतरावरून ठरते.

दुर्बिणीवर ४×३२ किंवा ३-९×४० असे आकडे असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ४×३२ मध्ये ती ८ मिलिमीटर असते, तर ९ पटींवर लावलेल्या ४० मिलिमीटरच्या दुर्बिणीत जेमतेम साडेचार. झोत रुंद असेल तर डोळा किंचित हलला तरी चित्र टिकते. तो अरुंद झाला की नवशिक्याला वारंवार काळी कडा दिसते. शिवाय वाढत्या पटींबरोबर हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. कमी किमतीत २४ किंवा ३२ पटींचे आश्वासन देणाऱ्या दुर्बिणीत पैसा बहुधा भिंगाच्या दर्जावर न जाता आकड्यांवर गेलेला असतो.

याहून महत्त्वाची आणि जाहिरातींत क्वचितच ठळक केली जाणारी बाब म्हणजे पॅरॅलॅक्स. दुर्बिणीतील फुली आणि लक्ष्याची प्रतिमा एकाच प्रतलात नसतील, तर डोळा हलताच फुली लक्ष्यावरून सरकलेली भासते. मोठ्या रायफलींसाठी बनवलेल्या अनेक दुर्बिणी सुमारे १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, अंतरासाठी जुळवलेल्या असतात. तीच ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण १० मीटरवर वापरली आणि डोळा झोताच्या कडेला गेला, तर नेमात गणिताने जवळपास १८ मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. १० मीटर एअर रायफलच्या अधिकृत लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे प्रमाण कळते. म्हणून एअर रायफलसाठी १० मीटरपर्यंत जुळवता येणारी दुर्बीण घ्यावी. अशा दुर्बिणीच्या पुढच्या कड्यावर किंवा बाजूच्या चकतीवर अंतराचे आकडे असतात.

तिसरी कसोटी धक्क्याची. स्वस्त एअर रायफली बहुधा स्प्रिंगवर चालतात. चाप ओढताच आतील दट्ट्या पुढे झेपावतो आणि बंदूक मागे ढकलली जाते. दट्ट्या टोकाशी येऊन थांबला की बंदूक उलट पुढे हिसकली जाते. दारूच्या रायफलचा धक्का मुख्यतः मागेच बसतो आणि सामान्य दुर्बीण तेवढाच धक्का गृहीत धरून बनवलेली असते. त्यामुळे मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीणही स्प्रिंगच्या एअर रायफलवर भिंग सैल होऊन किंवा फुली तुटून निकामी होऊ शकते. ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य’ असा स्पष्ट उल्लेख माहितीपत्रकात आणि वॉरंटीत आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आधी भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलींत हा दुहेरी धक्का नसतो.

भिंगाचा दर्जा डोळ्यांना कळतो. त्याचे कारण लेपात असते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळपास एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. ‘कोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर एक थर, तर ‘फुली मल्टीकोटेड’ म्हणजे हवेला लागून असलेल्या सर्व पृष्ठभागांवर अनेक थर. हा शब्दभेद किमतीतील फरकाचे खरे कारण असू शकतो. नळी २५.४ ऐवजी ३० मिलिमीटरची असली म्हणून प्रकाश वाढत नाही.

दुर्बीण चांगली आणि पकड कच्ची असेल तर सारा खर्च व्यर्थ जातो. एअर रायफलवर साधारणपणे ११ मिलिमीटरची खोबण असते, तर मोठ्या रायफलींसाठीचे माउंट सुमारे २१ मिलिमीटरच्या पट्टीसाठी असतात. एकाचे माउंट दुसऱ्यावर बसत नाही. हाताशी दहा हजार रुपये असतील, तर हजार-दीड हजार भक्कम माउंटसाठी आणि तेवढेच छऱ्यांसाठी आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात दुर्बीण शोधावी.

दुकानात काही गोष्टी विनामूल्य तपासता येतात. दुर्बीण रायफलवर न लावता हातात धरून दूरच्या विजेच्या तारेकडे पाहावे. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसली किंवा चित्र मध्यभागी स्पष्ट आणि कडेला पुसट असले, तर काच हलकी आहे. नेम सरकवणाऱ्या चकत्यांचा प्रत्येक टप्पा बोटांना वेगळा जाणवला पाहिजे. पाव मिनिटाचा एक टप्पा १० मीटरवर सुमारे ०.७ मिलिमीटर सरकतो; म्हणजे छर्रा एक सेंटीमीटर बाजूला पडत असेल तर चौदा टप्पे लागतील. घरी आल्यावर चकत्या वर, उजवीकडे, खाली आणि डावीकडे समान टप्प्यांनी फिरवून मूळ जागी आणाव्यात. छर्रे पहिल्याच जागी पडले तर यंत्रणा विश्वासू आहे. कोडगू असो वा कोकण, पावसाळी हवेत नायट्रोजन भरलेली बंद नळीच घ्यावी आणि वापरानंतर दुर्बीण सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डब्यात ठेवावी.

शेवटची सूचना पैशांपेक्षा मोलाची आहे. रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीतून एखादी वस्तू नुसती न्याहाळणे म्हणजे तिच्यावर नळी रोखणेच होय. झाडावरचा पक्षी किंवा शेताच्या बांधावरचा माणूस पाहण्यासाठी ती कधीही उचलू नये. म्हैसूरजवळच्या रंगनथिट्टू अभयारण्यातील झोळीवाले आणि चमचे बगळे पाहायचे असतील तर ८×४२ ची साधी द्विनेत्री दुर्बीण पुरते. अनेकांना दुर्बिणीची ओढ असते ती मुळात पाहण्यासाठी, आणि तसे असेल तर रायफलवरची दुर्बीण न घेणे हीच सर्वांत मोठी बचत ठरते.