वित्तशास्त्राची पदवी आणि घरचा हिशेब

जळगांव-धुळ्याकडील घरांतून हल्लीं एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. बारावी झालेली मुलगी नाशिक-पुण्याच्या खासगी विद्यापीठांत वित्तशास्त्राची पदवी घेऊं म्हणते, आणि शुल्काचा आंकडा ऐकून वडील मंडळी विचारांत पडतात.

आधीं खासगी विद्यापीठ म्हणजे काय तें पाहूं. जळगांवचें विद्यापीठ १९९० सालीं स्थापन झालें. आतां तें कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नांवानें ओळखलें जातें. जळगांव, धुळें व नंदुरबार येथील महाविद्यालयें त्याला संलग्न असतात. खासगी विद्यापीठहि राज्याच्या कायद्यानेंच निर्माण होतें, पण त्याला बाहेरचीं महाविद्यालयें संलग्न करून घेतां येत नाहींत. नुसत्या पाटीवर मात्र विसंबूं नये. छत्तीसगडांत २००२ च्या एका कायद्यान्वयें शंभरावर खासगी विद्यापीठें निघालीं. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्यांतील मूळ कलमेंच रद्द केलीं, आणि तीं विद्यापीठेंहि संपलीं.

आतां या विषयांत शिकवितात काय? ताळेबंद वाचणें, भांडवल उभारणें, जोखीम मोजणें. आणि सर्वांच्या मुळाशीं एक तत्त्व, कीं आजचा रुपया आणि पांच वर्षांनंतरचा रुपया सारखे नव्हेत. खानदेशास हें अगदींच नवें नाहीं. १९४५ सालीं अमळनेरास वनस्पति तुपाची कंपनी निघाली. तीच पुढें विप्रो झाली. गांवांतील कित्येक साध्या घरांनीं तिचे भाग घेतले आणि अनेक दशकें विकले नाहींत. कंपनी संगणकाच्या धंद्यांत शिरली, बोनस भाग मिळत गेले, आणि त्या घरांची स्थिति पालटली. बुडालेल्या कंपन्यांचे भाग घेणारांची कथा मात्र कोणी सांगत नाहीं. तीहि मोजणें हें वित्तशास्त्राचेंच काम!

तेंच तत्त्व शुल्कास लावून पाहूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतों. खासगी विद्यापीठाचें शुल्क वर्षाला २,००,००० रुपये आणि गांवच्या वाणिज्य महाविद्यालयाचें २०,००० रुपये धरूं. फरक १,८०,००० चा. ही रक्कम तीन वर्षें, प्रत्येक वर्षाच्या आरंभीं, शेंकडा ८ व्याजानें ठेवली असती तर पदवीच्या वेळीं सुमारें ६,३१,००० रुपये झाले असते. हा फरक पांच वर्षांत भरून निघावयाचा तर, गांवच्या पदवीधरापेक्षां हिला दरमहा सुमारें १३,००० रुपये अधिक मिळावयास हवेत. वसतिगृह व खानावळ यांत धरलेलीच नाहीं. हा हिशेब मुलीनें स्वतः मांडावा. त्यांत तिचें मन रमलें नाहीं, तर विषयनिवडीचाच फेरविचार बरा.

असे अधिक पैसे मिळतातहि, कारण मोठ्या शहरांतील पेढ्यांशीं संबंध आणि उमेदवारी तेथें सुलभ असते. पण सनदी लेखापालाच्या परीक्षेंत उत्तरपत्रिका तपासणारा विद्यापीठाचें नांव पाहत नाहीं, आणि शेंकडा ५५ गुणांनीं उत्तीर्ण झालेल्या वाणिज्य पदवीधरास तिच्या मधल्या टप्प्यास थेट बसतां येतें. प्रवेशापूर्वीं विद्यापीठास सर्वांत मोठा पगार विचारूं नये. सर्व पगार क्रमानें लावल्यास मधोमध येणारा पगार कोणता, आणि किती विद्यार्थ्यांस नोकरी मिळालीच नाहीं, हें लेखी मागावें.