गाडी मोडीत निघाली, सामान कोणाचे?

आषाढातल्या एका संध्याकाळी पुण्याहून सांगलीकडे निघालेले एक कुटुंब पेठ नाक्याच्या थोडे अलीकडे अपघातात सापडले. पुढच्या मालमोटारीने अचानक ब्रेक लावला, ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि मागून येणाऱ्या टेम्पोचीही धडक बसली. थोरल्या मुलाचा पाय मोडला, आजींचे मनगट दुखावले, सून आणि नात यांचे किरकोळ जखमांवर निभावले. जीव वाचले होते, त्यापुढे बाकी सारे गौण होते. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सुनेने हाताला लागली ती पर्स आणि औषधांची पिशवी घेतली. गाडीकडे कोणी मागे वळून पाहिले नाही आणि अशा वेळी कोणी पाहावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

पुढचे दोन महिने रुग्णालय, प्लास्टर आणि व्यायाम यांतच गेले. दरम्यान गाडी क्रेनने पोलीस ठाण्याच्या आवारात आणि तेथून कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमध्ये गेली. विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने ती पाहिली, दुरुस्तीचा अंदाज काढला आणि गाडी ‘टोटल लॉस’ ठरली. मुलाने कुबडी बाजूला ठेवून कागदांवर सह्या केल्या, गाडीच्या दोन्ही किल्ल्या दिल्या, रक्कम खात्यात जमा झाली. प्रकरण मिटले, असे घरातल्या सर्वांना वाटले.

नवरात्रापूर्वी घराची आवराआवर निघाली तेव्हा आजींनी सुनेला विचारले, “वही कुठं ठेवलीस गं?”

ती वही लाल कापडी बांधणीची, आजोबांच्या हातची. दर दिवाळीला वहीपूजन झाले की ते त्या वर्षाचे एक पान लिहीत. घरात कोण जन्मले, कोण गेले, विहिरीला पाणी किती राहिले, ऊस किती टन गेला, कोणाला हातउसने किती दिले आणि कोणाचे परत आले. आजोबांच्या पश्चात तो नेम सुनेने चालू ठेवला होता. पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत म्हणून वही पुण्याच्या धाकट्या मुलाकडे नेली होती. त्याला वेळ झाला नाही. आपण ती निघताना पिशवीत परत घातली, असे तो सांगत होता. पिशवीत ती पाहिल्याचे सुनेला आठवत नव्हते. कपाटे धुंडाळून झाली, रुग्णालयात विचारून झाले. शोधण्याची एकच जागा उरली, आणि ती गाडी आता त्यांच्या ताब्यात नव्हती. त्याच आठवड्यात बँकेच्या लॉकरची किल्लीही सापडत नसल्याचे ध्यानात आले.

गाडी ‘टोटल लॉस’ कशी ठरते हे बहुतेक गाडीमालकांना प्रसंग आल्यावरच कळते. पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ नावाची एक रक्कम छापलेली असते. उत्पादकाच्या विक्री-किमतीतून वयोमानानुसार घसारा वजा करून ती काढतात. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीन वर्षांची असेल तर ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. अपघातानंतर गाडी आणण्याचा व दुरुस्तीचा एकूण खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण नुकसान मानून दावा निकाली काढतात. आयडीव्ही ६,००,००० रुपये असेल तर ही रेषा ४,५०,००० रुपयांवर येते. पुढे दोन वाटा असतात. मालक सांगाडा स्वतःकडे ठेवून त्याची किंमत वजा जाता उरलेली रक्कम घेतो, किंवा सांगाडा खरेदीदाराच्या हवाली करून पूर्ण दाव्याने मोकळा होतो. पूर्ण दाव्यातूनही सक्तीची वजावट होतेच. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला ती १,००० रुपये, त्यावरील मोटारीला २,००० रुपये. बहुतेक कुटुंबे दुसरी वाट धरतात, कारण दारात उभा राहिलेला सांगाडा कोणालाच नको असतो.

या सगळ्या हिशेबात गाडीच्या पोटातील सामानाला रकानाच नाही. पॉलिसी संरक्षण देते ते वाहनाला आणि त्यावर बसवलेल्या साहित्याला. डॅशबोर्डमध्ये जडवलेले संगीतयंत्र त्यात येते. मागच्या आसनावरची पिशवी, चष्मा, लॅपटॉप, दप्तर येत नाही. वैयक्तिक सामानाचे जोडसंरक्षण वेगळा हप्ता भरून घेता येते, पण त्यातही रोकड आणि दागिने बहुधा वगळलेले असतात. आजोबांच्या वहीची तर कोणत्याच संरक्षणात किंमत होणार नव्हती. सर्वेक्षकाला याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या अहवालात बंपर असतो, रेडिएटर असतो, एअरबॅग असते. पिशवीबद्दल त्याला कोणी विचारलेले नसते आणि मालकही त्याला काही सांगत नाही.

तथापि संरक्षण नाही याचा अर्थ मालकी गेली असा होत नाही. विकली गेली ती गाडी. वही कोणी विकली नव्हती. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना १८७२ चा भारतीय करार कायदा आठवत असेल. दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर कलम ७१ अन्वये ठेव सांभाळणाऱ्याचीच जबाबदारी येते, आणि कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी त्याने घ्यावयाची असते. दुरुस्तीची मजुरी थकली तर गॅरेजवाला कलम १७० प्रमाणे गाडी अडवू शकतो. परंतु हा हक्क ज्या वस्तूवर त्याने काम केले तिच्यापुरता आहे. डिकीतल्या पिशवीवर त्याने कोणतेही काम केलेले नसते, म्हणून ती अडवून ठेवण्याचा अधिकार त्याला पोचत नाही.

अडचण हक्काची नसते, पुराव्याची असते. क्रेनवाला, पोलीस ठाणे, वर्कशॉप, वाहतूकदार आणि शेवटी खरेदीदार, असे पाच हात या गाडीला लागले होते. कोणत्याही टप्प्यावर सामानाची यादी झालेली नव्हती. यादीच नसेल तर वस्तू कोणाच्या ताब्यात असताना गेली, हे ठरवायचे कसे? पोलिसांनी पंचनाम्यात वस्तू नोंदवून जप्त केल्या असतील तर वाट अधिक स्पष्ट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात, जप्त वाहने व वस्तू ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नयेत, पंचनामा व छायाचित्रे करून त्या हक्कदाराला परत द्याव्यात, असे सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे तसा अर्ज करता येतो. या कुटुंबाच्या पंचनाम्यात मात्र गाडीच्या नुकसानीपलीकडे काही नव्हते.

घरी आणून ठेवलेल्या दाव्याच्या प्रती मुलाने आता प्रथमच सावकाश वाचल्या. संमतिपत्रात एक ओळ होती : मालकाने आपले सर्व वैयक्तिक सामान काढून घेतले आहे. खाली त्याचीच सही होती. बँकेच्या काउंटरवर न वाचता सही करणारे ग्राहक रोज दिसतात, आणि त्यांत शिकलेली माणसे कमी नसतात. सामान काढलेले नसेल तर त्या ओळीशेजारी ‘गाडीतील वैयक्तिक सामान अद्याप ताब्यात मिळालेले नाही’ असे स्वहस्ते लिहून तारीख घालावी आणि मगच सही करावी. तेवढ्याने दावा अडत नाही. एखादा दिवस लांबला तरी हरकत नाही, कारण गाडी वर्कशॉपच्या फाटकाबाहेर पडली की शोध दहापटीने अवघड होतो.

उशीर झाला होता, तरी मुलाने नंतर जे केले ते रीतसर केले. दावा क्रमांक, गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चासी क्रमांक घालून त्याने विमा कंपनीला पत्र लिहिले. कोणत्या वस्तू आणि गाडीत साधारण कोठे असाव्यात हे त्यात नोंदवले, आणि शोध होईपर्यंत गाडी सुटी करू नये अशी विनंती खरेदीदारापर्यंत पोचवण्यास सांगितले. वर्कशॉपच्या फाटकावरील नोंदवहीत गाडी नेल्याची तारीख आणि खरेदीदाराचा पत्ता मिळाला. कंपनीचे उत्तर येण्याची वाट न पाहता तो आणि सून कोल्हापूरबाहेरील त्या आवारात गेले.

आवाराच्या कोपऱ्यात एक पोते टांगलेले होते. खरेदीदार तिशीतला तरुण होता. गाड्यांतून निघणाऱ्या वस्तू फेकवत नाहीत म्हणून तो त्या पोत्यात टाकत असे. त्यात चष्मे होते, छत्र्या होत्या, लहान मुलांचे बूट होते, डॅशबोर्डवरच्या देवांच्या मूर्ती होत्या. “मागायला कुणी येतच नाही, दादा,” तो म्हणाला. वही पोत्यात नव्हती.

गाडीचे इंजिन आणि पुढची दारे गेलेली होती. डिकी दबून घट्ट बसली होती आणि बॅटरी नसल्याने तिचे विजेवर चालणारे कुलूप उघडत नव्हते. अशा वेळी मागच्या आसनाची पाठ पाडून आतून हात घालता येतो. काचांचे तुकडे सर्वत्र असतात, त्यामुळे जाड हातमोजे हवेत. धडकेत सामान ठेवलेल्या जागी राहत नाही. ते आसनाच्या रुळांत, गियरच्या बाजूच्या फटीत, गालिच्याखाली जाते. नातीच्या कंपासपेटीचे झाकण पुढच्या आसनाखाली सापडले. वही स्टेपनीच्या खड्ड्यात होती. पिशवी फाटून ती तळाशी गेली होती आणि फुटलेल्या मागच्या काचेतून आलेले पावसाचे पाणी तेथे साचले होते.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट उघड झाली. पुढच्या काचेवरचा फास्टॅग तसाच चिकटलेला होता आणि त्याला जोडलेल्या खात्यात पैसे शिल्लक होते. तो जारी करणाऱ्या बँकेकडे बंद करावयास हवा होता. गाडीच्या पडद्यात घरचा पत्ता आणि मुलाच्या फोनमधले सारे क्रमांक साठवलेले होते; गाडीचा वीजप्रवाह चालू असतानाच ते पुसता येतात. चेकबुक गाडीत असेल तर त्यातील कोऱ्या धनादेशांचे क्रमांक देऊन बँकेत भरणा-स्थगिती नोंदवावी. या गोष्टींची आठवण सामान शोधण्याच्या गडबडीत राहत नाही, आणि नुकसान मात्र बहुधा यांतूनच होते.

लॉकरच्या किल्लीची कथा निराळी झाली. ती गाडीत सापडली नाही, तेव्हा कुटुंबाने बँकेला लेखी कळवले. लॉकरविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचनांप्रमाणे किल्ली हरवल्यास ग्राहकाने बँकेला तत्काळ कळवावे लागते. लॉकर फोडण्याचा, कुलूप बदलण्याचा आणि नव्या किल्लीचा खर्च ग्राहकाचा. हरवलेली किल्ली पुढे सापडली तर बँकेत जमा करू, असे हमीपत्रही द्यावे लागते. अधिकारी आणि ग्राहक यांच्या समक्ष लॉकर उघडला गेला. पंधरा दिवसांनी त्या तरुण खरेदीदाराचा फोन आला. कंपनीमार्फत त्याला मिळालेल्या गाडीच्या दुसऱ्या किल्लीच्या जुडग्यात एक चपटी, क्रमांक कोरलेली किल्ली होती. दाव्याच्या दिवशी घरातल्यांनी स्वतःच्या हातांनी ते जुडगे देऊन टाकले होते. हमीपत्राप्रमाणे ती निरुपयोगी किल्ली आता बँकेत जमा झाली आहे. त्या तरुणाने ती पाठवण्याचा खर्चही घेतला नाही.

वहीची पाने सुनेने एकेक करून वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवली, वर पाट ठेवला आणि दर काही तासांनी कागद बदलले. आठ दिवसांत ती वाळली. बॉलपेनने लिहिलेली अलीकडची पाने शाबूत आहेत. शाईच्या पेनने लिहिलेल्या जुन्या पानांपैकी चौदा पाने निळ्या डागांपलीकडे वाचता येत नाहीत. दुपारचे जेवण आटोपले की आजी त्या वर्षांचे जेवढे आठवते तेवढे सांगतात. उसाच्या टनांचे आकडे त्यांना आठवत नाहीत. माणसांची नावे आठवतात, आणि हातउसने कोणी परत केले नाही तेही चांगलेच आठवते. सून ते सारे नव्या वहीत उतरवून घेते, आणि रोज संध्याकाळी त्या पानांची छायाचित्रे पुण्याला पाठवते.