मांजराचं दुखणं वेळीच कसं ओळखावं

मांजर सहसा दुखणं दाखवत नाही. म्हणून आपण आजार शोधत बसू नये. सवयी कुठे बदलल्या ते पाहावं.

आधी, मांजर ठणठणीत असतानाच दोन नोंदी करून ठेवाव्यात. पहिली वजनाची. मांजराला उचलून काट्यावर उभं राहावं, मग आपलं एकट्याचं वजन वजा करावं. दुसरी श्वासाची. गाढ झोपेत छाती मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा वर-खाली होते. आकडा रोजच ३०च्या वर जाऊ लागला, तर डॉक्टरांना सांगावं.

मग खाण्याची वाटी. इथेच फसगत होते. जबलपूरच्या मे महिन्यात पारा ४०च्या वर जातो आणि सगळं खापर उन्हावर फुटतं. उन्हानं भूक मंदावते, पण दिवसभर तोंडात घासच नाही, हे उन्हाचं काम नव्हे. दोन-तीन दिवस उपास पडला, तर विशेषतः गुबगुबीत मांजराच्या यकृतात चरबी साठून कावीळ होऊ शकते. म्हातारं मांजर फार पाणी पिऊ लागलं, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो.

तिसरी पाहणी शी-शूच्या वाळूची. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि वाळू कोरडीच. घरची मंडळी बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसतात. खरं तर लघवीची वाट बंद झालेली असू शकते. एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्र असली तरी थांबू नये.

चौथी अंगाची. चाटणं सोडलं की पाठीवरचे केस गुंततात. घुरघुरतंय म्हणजे बरं आहे, असंही समजू नये. वेदनेतही मांजर घुरघुरतं.

शेवटी ओठ हलकेच वर करून हिरड्या पाहाव्यात. गुलाबी असल्या तर ठीक. पांढरट, पिवळ्या किंवा निळसर दिसल्या, किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकत असलं, तर ताबडतोब निघावं.

आपल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

जबलपुरात १९४८पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आज नानाजी देशमुख विद्यापीठात सामावलेलं. तिथे जनावरांवर उपचार होतात. जाताना झाकणाची टोपली, वजनाची वही आणि विचित्र वागण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत न्यावा. तपासणीच्या टेबलावर मांजर घाबरून गप्प बसतं. डॉक्टरांना तेव्हा या नोंदींचाच आधार असतो.